जोखमीच्या आण्णांची मोटार

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. उचगावात रंगाच्या एका दुकानासमोर, कडुनिंबाच्या सावलीत मी उभी असते. माझा मूळ रंग पांढरा. पण जवळ येऊन पाहिलेत तर माझ्या अंगावर पांढऱ्या रंगाच्या अनेक छटा दिसतील. उजवा दरवाजा जरा पिवळसर आहे, मागची बाजू निळसर आहे आणि बॉनेटवर एक ठिगळ असे आहे की ते पांढरे म्हणावे की राखाडी, हे रंगाच्या दुकानदारालाही सांगता येत नाही. तो दुकानदार म्हणजे माझे मालक. आता मला माझ्या अंगाची लाज वाटत नाही. ते असे का झाले, हे तुम्हाला सांगावे म्हणून आज बोलते आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथून मोठ्या ट्रेलरवर बसून, भावंडांबरोबर हमरस्त्याने मी कोल्हापूरला आले. शोरूममध्ये मला रोज पुसत असत. माझ्या काचेत लोक आपला भांग नीट करत. अशा दिवसांत एकदा जिनेंद्र नावाचे गृहस्थ आले. गोरे, ठेंगणे, हसऱ्या चेहऱ्याचे. गावात त्यांना सगळे आण्णा म्हणतात. बरोबर त्यांच्या पत्नी त्रिशला होत्या. त्यांना सगळे आक्का म्हणतात. आक्कांनी माझ्या बॉनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढले, नारळ फोडला आणि चाकांखाली लिंबे ठेवली. आण्णा स्टिअरिंगला हात लावून नमस्कार करून बसले. लिंबे चिरडून मी फाटकापाशी आले. तिथला पहारेकरी उचगावचाच होता. तो खुर्चीवरून उठला आणि म्हणाला, "जय जिनेंद्र, आण्णा."

आण्णांनी दोन्ही हात जोडले.

स्टिअरिंगवर कुणीच नव्हते. मी सरळ जाऊन त्या पहारेकऱ्याच्या खुर्चीवर आदळले. तो उठून उभा राहिला होता म्हणून बरे, नुसती खुर्चीच मोडली. माझ्या पुढच्या बंपरला पहिला पोचा तिथेच आला.

मित्रांनो, आण्णा काही वाईट चालक नव्हते, असे मला तेव्हा वाटे. ते दारू पीत नव्हते. पट्टा लावल्याशिवाय चावी फिरवत नव्हते. वेगाचे त्यांना वेड नव्हते. त्यांचा दोष एकच. ते फार माणुसकीचे होते. गावातल्या प्रत्येकाने कधी ना कधी घराला रंग दिलेला, त्यामुळे प्रत्येक जण त्यांच्या ओळखीचा. त्यांच्या जैन समाजातली माणसे भेटली की "जय जिनेंद्र" म्हणत, बाकीचेही त्यांना त्याच शब्दांनी हाक मारत. आणि नमस्काराला एका हाताने उत्तर देणे म्हणजे समोरच्याचा अपमान, असे आण्णांचे पक्के मत होते.

त्यामुळे मी उसाच्या उभ्या ट्रॉलीला धडकले. केळीच्या गाड्याला धडकले. ग्रामपंचायतीच्या नव्या फलकाला धडकले. दर वेळी आण्णा उतरून आधी समोरच्याची चौकशी करत, नुकसान भरून देत, मग मला गॅरेजमध्ये नेत आणि विमा कंपनीकडून दुरुस्तीचा खर्च मागत. आण्णा दुकानातून निघताना दिसले की गल्लीतले लोक आपापल्या मोटारसायकली आत घेऊ लागले. आण्णांना वाटे, लोक आपल्याला वाट देत आहेत. त्यावरही ते हात जोडत.

आमचा विमा स्नेहल नावाची मुलगी बघायची. ती कोल्हापूरच्या राजारामपुरीतून स्कूटरवर यायची. बोलायला मोकळी आणि कामाला चोख. पहिल्या वर्षी तिने आण्णांना समजावून सांगितले होते, "आण्णा, वर्षभर कंपनीकडं काही मागितलं नाही ना, तर पुढच्या वर्षी हप्त्यात सूट मिळते. दर वर्षी ती वाढत जाते." ती सूट आमच्या वाट्याला एकदाही आली नाही. आण्णांचा दर वर्षी एक तरी क्लेम असायचाच.

शेवटी एके वर्षी, विम्याची मुदत संपत आली तेव्हा स्नेहल आली आणि दुकानातल्या स्टुलावर तोंड पाडून बसली. आक्कांनी तिला कोकम सरबत दिले.

"काय झालं गं?" आक्कांनी विचारले.

"आक्का, कंपनी म्हणतीय, हा चालक जोखमीचा आहे. गाडीचा विमा द्यायला त्यांनी नकार दिलाय. दुसरी एक कंपनी तयार आहे, पण हप्ता जवळजवळ दुप्पट सांगतीय."

आण्णांना ते फार लागले. "जोखमीचा? मी? मी आयुष्यात कुणाला वाकडा शब्द बोललो न्हाई."

"शब्द सरळच आहे, आण्णा," स्नेहल म्हणाली. "गाडी वाकडी जातीय."

आण्णांनी हातातला रंगाचा डबा फळीवर ठेवला. मग म्हणाले, "मग ऱ्हाऊ दे यंदा. विमाच नको. गाडी तशी दुकानासमोरच असती की. पुढं बघू."

तेव्हा स्नेहलने जे सांगितले, ते मी दारातून नीट ऐकले. ती म्हणाली, "आण्णा, विम्याचे दोन भाग असतात. एक तुमच्या गाडीचा. तो घ्यायचा की नाही, तुमची मर्जी. तुमचे आजवरचे अपघात बघून कंपनी तो महाग करते, नाहीतर नकार देते. दुसरा भाग रस्त्यावरच्या माणसाचा. तुमच्या गाडीनं कुणाला इजा झाली तर त्याची भरपाई. तो सक्तीचा आहे. त्याशिवाय गाडी रस्त्यावर आणणं गुन्हा आहे. त्याचा दर सरकार ठरवतं. तुमच्याएवढ्या इंजिनाच्या सगळ्या गाड्यांना तो सारखाच, चालक चांगला असो की जोखमीचा. आणि तो द्यायला कुठलीही कंपनी नाही म्हणू शकत नाही."

आण्णा अजून घुटमळत होते. आक्का उठल्या. त्या फारशा बोलत नाहीत, पण बोलल्या की विषय संपतो.

"तुम्ही कुणाला तरी धडकणार हायसा, हे साऱ्या गावाला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "तो माणूस काय तुमचं पुढं बघूपर्यंत थांबणार हाय? तेवढा विमा काढल्याबिगर मी ह्या गाडीत पाय ठेवायची न्हाई."

त्या संध्याकाळी दुकानाच्या काउंटरवर रस्त्यावरच्या माणसाचा विमा निघाला. माझा निघाला नाही. खरे सांगते, मित्रांनो, मला फार वाईट वाटले. इतकी वर्षे मी यांना नेले, आणले, ऊन खाल्ले, मार खाल्ला. आणि माझ्या अंगाला कसलेच संरक्षण नाही, ते एका अशा माणसाला, जो कोण असेल हेही आम्हाला माहीत नव्हते. त्यानंतर मला खरचटले की आण्णा दुकानातलाच उरलेला पांढरा रंग लावू लागले. माझ्या अंगावरच्या छटा तेव्हापासूनच्या आहेत.

मग तो दिवस आला.

दिवाळी होऊन थोडे दिवस झाले होते. सकाळी जरा थंडी होती. आण्णा शेजारच्या गावात रंग पोचवायला निघाले होते. समोरून बायडाबाई मोपेडवर येत होत्या. बायडाबाई गावातल्याच. त्यांच्या गोठ्यात म्हशी आहेत. पती आकाराम धारा काढतात आणि बायडाबाई रोज शहरात घरोघर दूध घालतात. मोपेडच्या दोन्ही बाजूंना दुधाची कॅन लटकवून त्या निघाल्या होत्या. तेवढ्यात विजयसिंह नावाच्या शेतकऱ्याने आपल्या नव्या बंगल्याच्या गच्चीवरून हाक मारली, "जय जिनेंद्र, आण्णा."

आण्णांनी वर पाहिले आणि हात जोडले.

मी उजवीकडे सरकत गेले. मला सगळे दिसत होते, पण मला स्वतःला वळता येत नाही. बायडाबाईंनी मोपेड कडेला घेतली, तरी माझा कोपरा त्यांना लागलाच. त्या पडल्या. दुधाचे ओघळ डांबरावरून वाहत गटारापर्यंत गेले. ते पांढरे मी कधी विसरणार नाही. आण्णा दार उघडून धावले.

बायडाबाई उठून बसल्या होत्या. उजवा हात मनगटापाशी वेडावाकडा झाला होता. चेहरा पांढराफटक पडला होता, तरी त्यांनी आधी दुधाकडे पाहिले.

"सगळं गेलं की हो," त्या म्हणाल्या.

आण्णांनी त्यांना माझ्यात बसवले आणि दवाखान्यात नेले. त्या वाटेवर त्यांना चार जणांनी तरी हाक मारली असेल. आण्णांचे हात स्टिअरिंगवरून हलले नाहीत. पोलीस आले तेव्हा आण्णा स्वतःच पुढे होऊन म्हणाले, "चूक माझी हाय. लिहून घ्या." मग त्यांनी स्नेहलला फोन केला.

बायडाबाईंच्या हाताला प्लास्टर घातले. जिवावरचे हातावर निभावले होते. पुढचे मला दवाखान्याच्या आवारात ऐकू आले, कारण सगळे जण बाहेर येऊन माझ्याशेजारीच उभे राहिले. आकाराम आले होते. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण आवाज खणखणीत होता.

"आण्णा, तुमी चांगलं मानूस म्हनून गप बसलोय," ते म्हणाले. "पर हिचा हात बरा हुईपातूर दूध कोन घालणार? मला त्या गाडीवरनं जायाला दिसत न्हाई."

स्नेहल म्हणाली, "काका, विमा चालू आहे. भरपाई मिळेल. दवाखान्याचा खर्च, बुडालेलं उत्पन्न, सगळं मागता येतं. पण त्याला वेळ लागतो. कोर्टापुढं जावं लागतं."

"कंपनी दील तवा दील," बायडाबाई म्हणाल्या. "माझं गिऱ्हाईक तवर थांबत न्हाई. आठवडाभर दूध न्हाई गेलं की मान्सं पिशवीचं दूध लावत्यात. एकदा लावलं की परत येत न्हाईत." मग त्या माझ्याकडे वळल्या. माझ्या त्या ठिगळ लावलेल्या बॉनेटवर त्यांनी चांगला हात ठेवला. "माझी गाडी ह्यांनी मोडली. तवर ह्यांची गाडी चालंल. उद्यापासनं दूध ह्या गाडीतनं जाईल."

आण्णा चपापले. "बायडाबाई, मी चालवू? तुमी बसशीला माझ्या गाडीत?"

"मी मागं बसतो, कॅन धरून. तुमी फुडं बगायचं. नमस्कार कुनाला घालायचा न्हाई."

स्नेहलने आण्णांना बाजूला घेऊन सांगितले, "आण्णा, एक रुपयासुद्धा घ्यायचा नाही. खाजगी गाडी भाड्यानं चालवली तर विमा अडचणीत येतो. माणुसकी म्हणून नेताय, एवढंच."

"माणुसकीपायीच हे सगळं झालंय, पोरी," आण्णा म्हणाले. त्या दिवशी ते पहिल्यांदाच जरा हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मागच्या आसनावर दुधाची कॅन आली. झाकणे सैल होती. आण्णांनी जपूनच गाडी काढली, पण पहिल्याच गतिरोधकावर त्यांनी ब्रेक उशिरा दाबला. दूध उसळले आणि माझ्या आसनावर सांडले. वळणावर पुन्हा सांडले. घरी येईपर्यंत माझ्या तळाशी दुधाचे डबके झाले होते.

दुपारी ऊन चढले तसा वास सुटला. मित्रांनो, त्या वासाचे वर्णन मी करणार नाही. कडुनिंबाखाली चारी दारे उघडी टाकून मला उभे केले होते आणि माशांची जत्रा भरली होती. दुकानात येणारी गिऱ्हाइके नाकाला रुमाल लावत. आक्कांनी सोडा आणि गरम पाणी घेऊन आसने घासली. घासता घासता त्या हसत होत्या. "लग्नात आणलेल्या शालूची एवढी काळजी केली न्हाई मी," त्या म्हणाल्या.

आण्णांनी बायडाबाईंची माफी मागितली. "मी सगळं जपून केलं, बायडाबाई. मनात काय वाईट न्हाई."

"दुधाला तुमचं मन कळत न्हाई, आण्णा," बायडाबाई म्हणाल्या. "त्याला निस्ता ब्रेक कळतोय."

हे वाक्य आण्णांच्या मनात बसले. दुसऱ्या दिवसापासून ते वेगळ्या तऱ्हेने चालवू लागले. लांबूनच वेग कमी करायचा. वळण येण्याआधीच गाडी सावकाश करायची. समोरच्या गाडीपासून अंतर ठेवायचे. मागून बायडाबाई बोलत असत, "हळू. आता जावा. खड्डा हाय फुडं. हां, अस्सं." पंधरवड्याने दूध जेवढे निघायचे तेवढेच पोचू लागले. माझ्या पोटातल्या सगळ्या खडखडाटांना विश्रांती मिळाली. इतकी वर्षे मला वाटत होते की मी खिळखिळी झाले आहे. मी खिळखिळी नव्हते. मला कुणी नीट चालवलेच नव्हते.

पण गावात वेगळीच चर्चा सुरू झाली. आण्णा ओळख देत नाहीत, आण्णांना शिष्टपणा आला, असे लोक बोलू लागले. एके दिवशी विजयसिंह भर रस्त्यात आडवेच उभे राहिले. आण्णांनी गाडी थांबवली.

"काय आण्णा, मोठी मान्सं झालासा," विजयसिंह म्हणाले. "रोज हाक मारतोय, ओळख दाखवत न्हाईसा."

मागून बायडाबाईंनी काच खाली केली. "दाखवत्यात की. गाडी थांबल्यावर दाखवत्यात."

आण्णांनी मला नीट कडेला घेतले, इंजिन बंद केले, हँडब्रेक ओढला, खाली उतरले आणि विजयसिंहांसमोर उभे राहून दोन्ही हात जोडले. "जय जिनेंद्र," ते म्हणाले. विजयसिंहांनी मागच्या आसनावरचे ते प्लास्टर पाहिले. त्या सकाळी गच्चीवरून हाक आपणच मारली होती, हे त्यांच्या लक्षात आले असावे. ते बाजूला झाले. मग त्यांनीच गावभर सांगितले की गाडीतल्या आण्णांना हाक मारायची नाही, दुकानात जाऊन मारायची. त्यामुळे दुकानात गर्दी वाढली आणि आण्णांचा धंदाही वाढला, हे आक्कांनी मला पुसता पुसता सांगितले.

बायडाबाईंचे एकही गिऱ्हाईक तुटले नाही. उलट शहरातली माणसे कौतुकाने दारात येऊन बघत, की दूध मोटारीतून येते. प्लास्टर निघाले. पुढे लोकअदालतीत तडजोड झाली आणि विमा कंपनीकडून भरपाई थेट बायडाबाईंच्या खात्यावर जमा झाली. स्नेहल ती बातमी घेऊन दुकानात आली तेव्हा आण्णा आक्कांकडे बघत म्हणाले, "तू त्या दिवशी अडून बसली नसतीस, तर आज कुणाला तोंड दाखवलं असतं मी?"

आक्का म्हणाल्या, "सरबत घ्या." आणि आत गेल्या.

मी मात्र त्या दिवशी खूप विचार केला. जो कोण असेल हे आम्हाला माहीत नव्हते आणि ज्याच्यासाठी तो विमा काढल्याचा मला राग आला होता, तो माणूस म्हणजे बायडाबाई होत्या. माझा राग कुठल्या कुठे गेला.

पुढच्या मुदतीला आण्णा स्वतःहून म्हणाले, "स्नेहल, गाडीचा विमा पण काढायचा. किती का सांगंनात." कंपनीचा माणूस येऊन माझे सगळ्या बाजूंनी फोटो काढून गेला. इतक्या छटा बघून तो जरा गोंधळला. हप्ता भारी सांगितला. आण्णांनी घासाघीस केली नाही. ते म्हणाले, "हे माझ्या हातांचं बिल हाय. भरायलाच पाहिजे." ते वर्ष एकही क्लेम न मागता गेले. मग स्नेहलने मोबाईलवर नवा हप्ता दाखवला. त्यात सूट होती. थोडीशीच, पण आमच्या आयुष्यातली पहिली. आण्णांनी दुकानातल्या प्रत्येक गिऱ्हाईकाला पेढा दिला. घरात कुणाचे लग्न ठरले का, असे लोक विचारत होते.

मित्रांनो, तुम्ही अजून लहान आहात. मोटार चालवायला तुम्हाला वेळ आहे. पण मोटारीत तुम्ही बसता. तेव्हा माझे एवढे ऐका. पुढे बसलेल्या मोठ्या माणसाचे हात कुठे आहेत, ते बघत जा. फोनकडे गेले, नमस्काराला गेले, तर न घाबरता सांगा. आणि घरी एकदा विचारा, आपल्या गाडीचा विमा चालू आहे का. तो फक्त गाडीसाठी नसतो. रस्त्यावरून एखादी बाई आपली पोटापाण्याची धडपड घेऊन येत असते. तिची आणि आपली ओळख नसते. तिच्यासाठी तो असतो. आम्हा मोटारींना पुसा, धुवा, वेळेवर ऑइल बदला, हे तर आहेच. पण आमची खरी काळजी म्हणजे आमच्या हातून कुणाला लागू न देणे. आम्हाला स्वतःला वळता येत नाही हो.

आता इथेच थांबते, कारण समोरून बायडाबाई येत आहेत. भरपाईतून त्यांनी मोपेड दुरुस्त केली आहे, पण गेल्या आठवड्यात त्यांनी आण्णांना ठणकावून सांगितले, "आता मला चारचाकी शिकवा. जुनी व्हॅन घ्यायची म्हनतो दुधासाठी." स्नेहलने त्यांना शिकाऊ परवाना काढून दिला, माझ्या पुढच्या आणि मागच्या बाजूला लाल रंगात इंग्रजी एल् चिकटवला आणि बजावले की शेजारी परवानाधारक माणूस बसलाच पाहिजे, नाहीतर विमा कामाला येणार नाही.

तो परवानाधारक माणूस म्हणजे आण्णा. बायडाबाई आता स्टिअरिंगवर आहेत आणि ते डावीकडे बसले आहेत. त्यांनी पट्टा लावला आहे आणि बायडाबाईंनी चावी फिरवायच्या आधीच ते दोन्ही पायांनी माझा तळ दाबून बसले आहेत. तिथे ब्रेक नाही, हे त्यांना माहीत आहे.

"भ्या वाटतंय व्हय, आण्णा?" बायडाबाई विचारतात.

"न्हाई," आण्णा म्हणतात. "तुमी फुडं बगा."

बायडाबाई क्लच सोडतात. मी एक गचका खाते, बंद पडते, पुन्हा सुरू होते आणि कडुनिंबाच्या सावलीतून हळूहळू रस्त्यावर येते.